देवाचा बोकड आणि तीन गाठींचं करडू

परभणीला कशाला चाललीस, असं पुण्यात मला जेवढ्या जणांनी विचारलं, तेवढ्यांना मी खरं उत्तर दिलं, आणि तेवढ्या जणांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मी चालले होते बोकडांचे अंड, म्हणजे वृषण, आणायला. बीज तयार होत असताना पेशीतलं कोणतं जनुक कधी जागं होतं आणि कधी झोपतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. त्यासाठी मला एक, दोन, तीन, चार आणि पाच महिन्यांच्या करडांचे अंड हवे होते आणि शेवटी एका पुऱ्या वाढलेल्या बोकडाचे. बाकीचं सगळं जमलं होतं, अडलं होतं ते तीन महिन्यांवर आणि पुऱ्या बोकडावर. पुरा बोकड कुठंही मिळतो. तीन महिन्यांचं वय मात्र मोलाचं, कारण त्याच सुमाराला अंडातल्या पेशी पहिल्यांदा बीज व्हायच्या वाटेला लागतात.

पुण्याच्या बाजारात करडांचं वय कोणी सांगत नाही, अंदाज सांगतात. अंदाजावर प्रबंध होत नाही. आमचे सर म्हणाले, "फिरतीचं काम मुलींचं नव्हे. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर विषय दुसऱ्या कुणाला देऊ." सरांनी हे अगदी प्रेमाने सांगितलं, चहाचा कप माझ्यापुढे सरकवत. मी चहा प्यायले आणि त्याच संध्याकाळी तिकीट काढलं.

परभणी, सोमवार

उतरले तर गाव बंद. नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस होते, आणि मराठवाड्यात कोणत्या दिवशी काय बंद असेल हे सांगता यायचं नाही. रिक्षा नाही, हॉटेलं नाहीत. स्टेशनाबाहेर एका भल्या गृहस्थांनी माझी विचारपूस केली. नाव विचारलं, मी शालन म्हणून सांगितलं. मग ते थांबले. पूर्ण नाव काय, म्हणाले. मी म्हटलं, एवढंच.

हे मी गाडीतच ठरवून आले होते. आडनाव कळलं की माणसं आधी आपण कुणाच्या बाजूचे ते ठरवतात आणि मग पाण्याचा तांब्या कुठं ठेवायचा ते. मी सहा वर्षं पेशी बघतेय. आडनाव ठेवायला जागा असलेली एकही पेशी मला अजून दिसलेली नाही. हे मी त्या गृहस्थांना ऐकवलं असतं, पण पोटात कावळे ओरडत होते. त्यांच्या सौभाग्यवतींनी मला धपाटे आणि दही खाऊ घातलं, आडनावावाचून. परभणीबद्दल माझं मत तिथंच चांगलं झालं.

धपाटे ही वस्तू आमच्याकडच्या थालीपिठाची बहीण म्हणायची, पण हिच्या अंगात रग जास्त. ज्वारीचं पीठ, लसूण, हिरवी मिरची. मी चार खाल्ले. पुण्यात पाहुण्याने दोनावर थांबायचं असतं. इथे थांबले तर बाई रागावल्या.

परभणी ते चुडावा, मंगळवार

सकाळी बाजार उघडला. मी सरळ खाटकाच्या गल्लीत गेले. गल्लीत बायका नव्हत्याच. एका दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते. त्यांच्यापुढे थर्मास ठेवला आणि म्हटलं, आता कापलेल्या बोकडाचे अंड पाहिजेत, पूर्ण, चीर न देता.

"कपुरे?" चाचांनी डोळे मिचकावले. "बाई, कपुरे तर नवरे नेतात. बायकांनी न्यायचे म्हंजे घरात काई तरी लय बिघडलंय."

"घर नाहीच चाचा, त्यामुळे बिघडायचा प्रश्न नाही."

ते खो खो हसले. बाजूच्या दुकानदाराला त्यांनी माझं उत्तर ओरडून सांगितलं. मग मी त्यांना सगळं नीट सांगितलं, की मला करडाचं वय दिवसावर कळलेलं पाहिजे. चाचांचं हसणं थांबलं. कामाची गोष्ट निघाली की या माणसांचा चेहराच बदलतो.

"दिवसावर वय सांगनारी एकच बाई हाय आपल्या माहितीत," ते म्हणाले. "रुक्मिण. चुडाव्यापासून कोसभर. तिच्या जनावराचे मी कदी दात बघत न्हाई. ती सांगते तेच खरं निघतं. पन लवकर जा. शेळ्या विकायलीय म्हनं."

"का विकतेय?"

चाचांनी मान हलवली. "गावाचं डोस्कं फिरलंय, दुसरं काय."

मोठ्या बोकडाचे कपुरे त्यांनी पानात बांधून दिले. बर्फाच्या कारखान्यातून बर्फ घेतला, थर्मासात भरला आणि पूर्णेवरून चुडाव्याला जाणारी पॅसेंजर गाठली. माझ्याकडे एवढं सामान होतं: थर्मास, औषधांची पेटी, आणि पितळी सूक्ष्मदर्शक. सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेतला सगळ्यांत जुना होता. त्याला वीज लागत नाही, खाली आरसा आहे, उन्हाची तिरीप पकडली की झालं. करडाचं सांगितलेलं वय खरं की खोटं, हे मला जागेवरच पाहायचं होतं.

पूर्णेला गाडी थांबली तेव्हा समोरच्या म्हातारीने मला न विचारता थर्मास उचलला. "लेकी, घोटभर पानी दे गं," म्हणाली आणि झाकण फिरवलं. आत पाहिलं. झाकण लावलं. थर्मास जागेवर ठेवला. मग चुडावा येईपर्यंत ती बाई खिडकीतून बाहेर बघत होती, आणि मीही.

चुडाव्याचं स्टेशन म्हणजे एक फलाट आणि भोवती ज्वारीचा समुद्र. कणसं दाण्यावर आली होती. काळ्या जमिनीला भेगा पडायच्या बाकी होत्या. वाटेत एका शेतात हुरडा भाजत होते, त्यांनी हाक मारून मूठभर हातावर दिला, कुठली, कोण, काही न विचारता. गरम हुरडा, लसणाची चटणी. चालता चालता खाल्ला. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. माणसं अजून तिथंच राहतात.

गाव, मंगळवार संध्याकाळ

रुक्मिणचं घर गावाच्या टोकाला. तिशीची, किडकिडीत, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. अंगणात सात शेळ्या आणि एक करडू. प्रत्येकाच्या गळ्यात सुताची दोरी, आणि दोरीला गाठी.

"दर अवसेला एक गाठ मारते," ती म्हणाली. "हे बघा, तीन गाठी. चौथीला अजून पंधरा दिवस हायेत. पुनवेला झालेलं, आज बरोबर तीन महिने."

मी त्या करडाकडे बघतच राहिले. काळंभोर, पांढऱ्या कानांचं, नर, आणि अजून खच्ची न केलेलं. सहा महिने मी जे वय शोधत होते ते माझ्या पदराचं टोक चघळत होतं.

"हे मला मिळेल?"

"घ्या. कापा. बाकीची करडं विकली, आता समद्याच विकायच्यात." ती चुलीकडे वळली. "शनवारी जायचंय मला. माहेरी. पालमला."

तिने भाकरी थापता थापता सांगितलं ते असं. या गावात नर करडू झालं की महिन्याभरातच ठेचून खच्ची करतात. खच्ची बोकड अंग धरतो, बाजारात चांगला जातो. शेळ्या फळवायला गावात एकच बोकड ठेवायचा अशी पद्धत. जुना बोकड गेल्यावर आबा पाटलांनी नातवाच्या नवसाचा बोकड देवाला सोडला आणि सगळा गाव आपल्या शेळ्या त्याच्याकडे न्यायला लागला. देवाचा बोकड, त्याचं बीज शुभ. तो कुणाच्याही शेतात चरतो. त्याला कोणी हाड्‌ म्हणत नाही.

"आन् तवापासून गावातली एक शेळी व्याली न्हाई," रुक्मिण म्हणाली. "दीड वरीस झालं. फळायला नेतात, परत माजावर येतीय. व्यायल्या त्या माझ्याच शेळ्या."

"मग?"

"मग काय. मला दहा वर्सांत लेकरू न्हाई. वांझोटीच्या घरी शेळ्या व्यायल्या, बाकीच्यांच्या भाकड. म्हनायलेत, हिनं समद्या गावाचं फळ ओढून घेतलं. करणी केली. पंच बसले, शेळ्या विकून माहेरी जा म्हनले. मालक काईच बोलले न्हाईत."

मालक म्हणजे सोपान, तिचा नवरा. तो ओसरीवर बसून दोरी वळत होता. त्याने मान वर केली नाही.

माझं डोकं तडकलं. हे मी नीट लिहितेय, कारण प्रवासवर्णनात लोक आपण फार शांत होतो असं दाखवतात. मी शांत नव्हते. मी विचारलं, "तुझ्या शेळ्या व्याल्या कशा?"

तिने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "धनगराचा वाडा उतरला होता नदीकडं, त्यांच्यात बोकड होता. मी पहाटंच शेळ्या तिकडं नेल्या. दोनदा. मला तवाच वाटलं, देवाच्या बोकडात काई तरी हाय, म्हनून हे करडू ठेचू दिलं न्हाई. पन हे कसं सांगावं? देवाचा बोकड नाकारला म्हनलं तर पाटील जित्ती ठेवंल का?"

म्हणजे बाईला दोनच वाटा होत्या. चेटकीण व्हायचं, नाहीतर देवाला नाकारलं म्हणून सांगायचं.

मी येसर मसाल्याची आमटी आणि आंबाडीची भाजी जेवत असताना तिने भाकऱ्या थापत मला विचारलं, तुमी नक्की काय शिकता. मी सांगितलं. पेशी कुठलीही घ्या, डोळ्याची, कातडीची, तिच्यात सगळं पंचांग छापलेलं असतं, सगळ्या तिथ्यांचं. पण आज कोणतं पान उघडायचं हे वेगळं ठरतं. ते पान म्हणजे जनुक. बोकडाच्या अंडात आधी पेशी गोल असतात. मग ठरल्या वेळी एकेक पान उघडतं. आता शेपटी काढ, आता डोकं निमुळतं कर. सगळ्यात शेवटी सगळं पंचांग इतकं घट्ट आवळून बांधलं जातं की नवं काही वाचता येत नाही. म्हणून शेवटी लागणारे हुकूम आधीच लिहून, घडी करून ठेवलेले असतात आणि वेळ आली की पाळले जातात.

"आन् बाईचं?"

"बाईचं उलट आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या सगळ्या अंड्यांची सुरुवात झालेली असते. अर्ध्या वाटेवर येऊन ती थांबतात, वर्षानुवर्षं. पुढे लागणारे हुकूम पोटात साठवत बसतात."

तिचा हात परातीत थांबला. "म्हंजे मी माझ्या आईच्या पोटात होते तवाच माझी समदी…"

"हो. तेव्हाच होती."

"म्हंजे मी रिकामी न्हाई."

"नाहीस. मूल का झालं नाही ते मी सांगू शकणार नाही. दोष बाईतही असतो कधी, पुरुषातही असतो. तपासल्याशिवाय कोणालाच कळत नाही. पण रिकामी तू कधीच नव्हतीस."

तिने तो गोळा परत मळायला घेतला, फार जोरात. ओसरीवर दोरी वळणं थांबलं होतं. ती भाकरी इतकी जाड झाली की तिघांना पुरली.

गाव, बुधवार

सकाळी मी पाटलांच्या वाड्यावर गेले. आबा पाटील धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, बोलणं आदबशीर. बसा म्हणाले, चहा आणा म्हणाले, आणि मग आडनाव विचारलं.

"आडनावाचं माझ्या कामात काही नाही," मी म्हटलं. "मला तुमचा बोकड तपासायचाय."

त्यांचा चेहरा उतरला नाही, चढला. "देवाच्या जनावराला हात लावायचा न्हाई, बाई."

"हात लावत नाही. शेळी माजावर असेल ती आणा. बोकड त्याचं काम करील. मी शेळीकडून एक थेंब घेईन. बस."

"आन् त्यानं काय होनार?"

"शनिवारी तुम्ही एका बाईला गावाबाहेर काढणार आहात. मी बुधवारी एक थेंब बघणार. तुमचं काम फार मोठं, माझं लहान. लहान आधी होऊ द्या."

ते नाहीच म्हणणार होते. पण आतल्या दारातून पाटलीणबाई बाहेर आल्या. त्यांची स्वतःची शेळी पहाटेपासून ओरडत होती. "चवथ्यांदा उलटलीय, परत माजावर आलीय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बघू द्या तिला. देवाला काय, लाज वाटायची असंल तर वाटंल." पाटलांनी बायकोकडे असं पाहिलं की मला वाटलं आता संपलं. संपलं नाही. त्यांनी काठी उचलली आणि देवळाकडे चालायला लागले.

देवळासमोरच्या ओट्यावर मी सूक्ष्मदर्शक मांडला. ऊन चांगलं होतं. गाव जमलं. रुक्मिण ओट्यापासून दूर, लिंबाखाली उभी होती, कारण तिला ओट्यावर यायची मनाई होती. शेजारी तिचं काळं करडू.

देवाचा बोकड आला. काय जनावर होतं! दाढी, मान, वास तर असा की चार घरांपलीकडे कळावा. त्याने आपलं काम असं उरकलं की बाप्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. मी शेळीकडून काचेच्या नळीत थेंब घेतला. मग थर्मास उघडला, चाचांनी दिलेले कपुरे काढले, त्यांना चिकटलेल्या बीज साठवायच्या नळीला चीर देऊन दुसरा थेंब घेतला आणि काच तळहातात धरून ऊबदार केली. आदल्या दिवशीचं, बर्फातलं बीज. हलेल की नाही, मलाही धाकधूक होती. हे जर हललं नसतं तर मी तोंड घेऊन कुठं गेले असते कोण जाणे.

हललं. सगळं हललं.

"आधी परभणीचा बोकड बघा," मी म्हटलं. लोक रांगेने आले. एकेक डोळा लावायचा आणि एकेक ओरडायचा. "आयला, वळवळायलेत की!" "शेपट्या हायेत बगा!" "काल कापलेल्या बोकडाचं ना हे? मग जित्तं कसं?" एका म्हाताऱ्याने तीनदा पाहिलं आणि चौथ्यांदा रांगेत उभा राहिला.

"आता हा बघा."

पहिल्याने वाकून खालचा आरसा तपासला. दुसऱ्याने डोळा चोळून परत लावला. तिसरा म्हणाला, "हे तर गोल हायेत. गप पडलेत."

"मेलेत का?"

"मेलेले नाहीत," मी म्हटलं. "मोठे झालेले नाहीत. बीज होता होता अर्ध्यावर थांबलेत. शेपटी काढ, असा हुकूम निघायला हवा होता, तो निघाला नाही. का, ते मला माहीत नाही, ते शोधायलाच मी शिकतेय. दाढी आहे, ताकद आहे, माज आहे, सगळं आहे. एवढं एकच नाही. त्यात बोकडाचा गुन्हा नाही, देवाचा नाही. आणि त्या लिंबाखालच्या बाईचा तर मुळीच नाही."

पाटील सगळ्यांच्या शेवटी वाकले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "मग हिच्या शेळ्या कशा व्याल्या?"

ओट्यावरचे सगळे लिंबाकडे वळले. मी बोलायला तोंड उघडलं, पण रुक्मिण चालू लागली होती. मनाई असलेल्या ओट्यावर ती चढली, करडू काखेत घेऊन.

"मी धनगराच्या बोकडाला नेल्या," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दोनदा. चार कोस. करणी केली न्हाई पाटील, पायपीट केली."

देवाच्या बोकडाला नाकारलं, असं तोंडावर सांगणारी बाई या गावाने पाहिली नव्हती. पाटलांचा हात काठीवर घट्ट झाला. मला खरंच भीती वाटली, माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मग आता शेळ्या न्यायच्या कुनाकडं?"

खरी पंचाईत ही होती. गावाने आपल्या हाताने सगळे नर ठेचले होते. धनगर केव्हाच पुढे गेले होते. साऱ्या गावात न ठेचलेलं एकच करडू होतं, आणि ते रुक्मिणच्या काखेत होतं. हे एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्या नजरा तिच्या चेहऱ्यावरून खाली, त्या पांढऱ्या कानांवर आल्या.

पाटलांनी घसा साफ केला. "ते करडू देवाला सोड. तुझं मागचं समदं माफ."

"देवाला न्हाई. गावाला न्हाई," रुक्मिण म्हणाली. "माझ्या दारात बांधलेलं ऱ्हाईल. ज्याला शेळी आनायची त्यानं माझ्या दारात आनायची."

शनिवारचं कोणी पुन्हा बोललं नाही. माफीही कोणी मागितली नाही. पुण्यात असं काही झालं की निदान चार माणसं 'मी आधीच म्हणत होतो' म्हणतात. इथे लोक खाली बघत घरी गेले. ते मला जास्त बरं वाटलं.

मी आवरायला लागले तेव्हा ओट्यावर सोपान एकटा उरला होता. तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. गोल पेशींवर ऊन पडलं होतं.

"बाई," तो डोळा न काढता म्हणाला, "अंगानं धडधाकट असून बी असं असतं?"

"असतं."

"मानसात बी?"

"माणसातही. परभणीच्या सरकारी दवाखान्यात तपासतात. दोघांनी जायचं."

त्याने मान हलवली. तो पुढे गेला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलंही नाही. तो माझा बोकड नव्हता.

चुडावा, गुरुवार

निघायच्या वेळी रुक्मिण करडू घेऊन आली. सुरी धुऊन आणली होती, केळीचं पान आणलं होतं.

"शब्द दिला होता मी," म्हणाली. "तुमच्यामुळं ऱ्हायले. घ्या. गावाचं गाव बघून घील."

मी त्या करडाकडे पाहिलं. तीन महिने, दिवसावर मोजलेले. त्याच्या अंडात त्या क्षणी पहिल्यांदा ती पानं उघडत असणार, किंवा आज, किंवा उद्या. सहा महिन्यांची वणवण. महिनाअखेरीला सहा दिवस. मी खोटं बोलणार नाही, माझा हात सुरीकडे गेला. मग मला रडू यायला लागलं, आणि स्वतःचा इतका राग आला की मी तिच्यावरच ओरडले, "ठेव ते खाली! अक्कल आहे की नाही तुला?"

ती हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिली मी तिला. मी तिला प्रयोगशाळेचा पत्ता लिहून दिला आणि रिकामा थर्मास हलवत स्टेशनला आले.

पुणे

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे नमुना हातात होता आणि तू तो घेतला नाहीस."

"नाही घेतला."

"विषय दुसऱ्याला द्यावा लागेल."

"द्या. वयावार नमुन्यांचा तक्ता मी केलेला आहे, तो माझ्याजवळ राहील. त्या दुसऱ्याला आता करडं शोधायला परभणीला पाठवा. आडनाव सांगून जाऊ दे, बघू कोण धपाटे देतं."

सरांनी विषय दुसऱ्याला दिला नाही. दुसरा कोणी तयार झाला नाही हे त्याचं खरं कारण. माझ्या तक्त्यात एक, दोन, चार, पाच महिने भरलेले आहेत, आणि मध्ये एक रकाना कोरा. सर म्हणाले, तिथे नमुना उपलब्ध झाला नाही असं लिही. मी लिहिलं: नमुना उपलब्ध होता, घेतला नाही. परीक्षकांनी विचारलं तर मी सगळं सांगणार आहे, बोकडाच्या वासासकट.

चार महिन्यांनी प्रयोगशाळेत एक पत्र आलं. पत्त्यावर आडनाव नव्हतं. 'शालनताई, बोकडांचा अभ्यास करणाऱ्या' एवढंच, आणि तरी ते पोचलं. अक्षर सोपानचं होतं, शब्द तिचे. मजकूर जसाच्या तसा देते:

'ताईस रुक्मिणचा नमस्कार. दोरीला सात गाठी झाल्या. मी सांगायलीय आन् मालक लिवायलेत. बोकड कामाला लागला. तीन शेळ्या परत उलटल्या न्हाईत. पैल्यांदा कोन आलं म्हनता? पाटलीनबाई. सोता शेळी धरून दारात हुब्या. मी म्हनले, बाई, दहा वर्सं गावात ऱ्हायलेय, एकीनं बी माझी ओटी भरली न्हाई. आधी ती भरा. त्या घरी गेल्या. मला वाटलं आता येत न्हाईत. खन, नारळ, तांदूळ घेऊन आल्या. साऱ्या आळीच्या बायका बघायला होत्या. माझी ओटी भरली, कुंकू लावलं. मंगच मी बोकड सोडला.'